ती दस्ती होती: कोल्हापूरच्या तालमींना खुलं पत्र

कोल्हापुरातल्या सगळ्या तालमींचे वस्ताद, तालीम मंडळांचे पदाधिकारी आणि पहाटे अजूनही मातीच्या ओढीनं जागे होणारे जुने पैलवान यांस,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातल्याच एका पैलवानाची मुलगी. नाव सांगून फारसा उपयोग नाही, कारण आमचे आबा कुणी केसरी नव्हते. जत्रेतले पैलवान. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढं उरुसांतून, यात्रांतून पंचवीस-पन्नास रुपयांच्या जोडी धरल्या. एकदा खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरले. तेही मोठ्या कुस्त्यांच्या कितीतरी आधी, लोक अजून बसायला जागा शोधत असताना जी कुस्ती लागते, तीत. बरोबरीत सुटली. पण ती बरोबरी आमच्या घरात पन्नास वर्षं जिंकल्यासारखी सांगितली गेली. मग लग्न, गिरणीतली नोकरी, आम्ही दोघं भावंडं. लंगोट पेटीत गेला. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसणं मात्र सुटलं नाही.

आबा आता एक्याऐंशीचे आहेत. सहा वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. त्याआधी वर्षभर आम्ही त्याला ‘वय झालं’ म्हणत होतो. रंकाळ्यावरून घरी यायची वाट चुकली, तेव्हाही म्हणालो, अंधार होता. आपण सगळे असंच करतो, म्हणून सांगते.

हे पत्र लिहायला निमित्त झालं अंघोळीचं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना अंघोळ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडं रोज सकाळी झटापट व्हायची. मी शर्टाची बटणं काढायला दोन्ही हात पुढं केले की आबा माझं मनगट धरायचे. एक्याऐंशीच्या वर्षी, वजन निम्म्यावर आलेलं असताना, ती पकड अशी की हाताला काळेनिळे वळ उठायचे. सांभाळायला येणाऱ्या मावशी चौथ्या आठवड्यात काम सोडून गेल्या. ‘म्हातारा मारकुटा झालाय’ हे शब्द त्यांनी जिना उतरताना काढले, पण मला ऐकू जातील एवढ्या आवाजात. डॉक्टरांच्या कागदावरही जरा सभ्य शब्दांत तेच लिहिलं गेलं आणि त्यापाठोपाठ एक गोळी सुरू झाली. गोळीनं आबा दिवसभर पेंगायला लागले.

अशाच एका सकाळी मनगट सुटेना. वैतागून मी म्हटलं, “आबा, सोडा की हो तुमचा ढाक!” मला कुस्तीतलं काही कळत नाही. ढाक हे एका डावाचं नाव लहानपणापासून कानावर पडलेलं, तेवढंच. आबांनी माझ्याकडं पाहिलं. महिनाभर ज्या माणसाच्या तोंडून ‘हं’ आणि ‘नको’ यापलीकडं काही निघालं नव्हतं, तो म्हणाला, “ढाक न्हवं गं. दस्ती हाय ही.”

आणि करून दाखवली. मनगट हलकेच खाली ओढलं, माझा तोल पुढं गेला, तसे ते माझ्या बगलेतून अर्धे मागं आले. मी पडणार म्हणून दुसरा हात पाठीला लावून मला सावरलं, आणि मग सोडलं. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर हे सगळं झालं. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं आणि आबांच्या चेहऱ्यावर मात्र पोराला धडा दिल्यावर वस्तादाच्या चेहऱ्यावर येतो तसा भाव होता.

म्हणजे ते मारत नव्हते. समोरून कुणीतरी दोन्ही हात पसरून अंगावर येतंय, अंगावरचे कपडे उतरवतंय. आपण कुठं आहोत, समोर कोण आहे, काही उमगत नाही. अशा वेळी त्यांच्या शरीरानं वीस वर्षं घोटलेलं उत्तर दिलं होतं. आम्ही त्याला आजार म्हणत होतो. ती दस्ती होती.

त्या दिवसापासून मी समोरून जात नाही, बाजूनं जाते. आधी तळहात पुढं करते. आबा त्यावर हात मारतात, तोच हात कपाळाला लावतात. सलामी झाली की बहुतेक वेळा शर्ट निघतो. रोज निघतो असं नाही. पण डॉक्टरांशी बोलून ती गोळी निम्मी झाली आणि माझ्या हातावरचे वळ गेले.

हे असं का होतं, ते डॉक्टरांनी मला साध्या भाषेत समजावलं, तसंच सांगते. अल्झायमरचा पहिला घाव मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर पडतो. नव्या आठवणी मुरवण्याचं काम तिथलं. म्हणून सकाळी काय खाल्लं ते दुपारी राहत नाही. पण हातापायांना लागलेल्या सवयी, म्हणजे सायकल, पोहणं, पेटी वाजवणं, डाव टाकणं, यांचा कारभार मेंदूच्या दुसऱ्या भागांकडं असतो आणि ते भाग बराच काळ तग धरतात. शिवाय कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याच्या सगळ्यांत ठसठशीत आठवणी साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या निघतात. आता पैलवानाचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. दहाव्या वर्षी तालमीत आला, तिशीला लंगोट उतरवला. जे उशिरा विरतं ते सगळं त्यानं तुमच्या तालमीत कमावलेलं असतं.

आबांचा जन्म १९४५ चा. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं तेव्हा, १९५२ ला, ते सात वर्षांचे होते. श्रीपती खंचनाळे १९५९ ला पहिले हिंद केसरी झाले तेव्हा चौदाचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने, दोघांनीही सुवर्णपदक मारलं तेव्हा आबा सतराचे होते आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या दिवशी तालमीत कुणी मेहनत केली नाही, नुसते नाचले. माझ्या लग्नाची तारीख आबांना सांगता येत नाही. माझं लग्न झालंय हेही कधी कधी नाही. पण ‘जकार्ता’ म्हटलं की अजून मान वर होते.

ती दस्ती कळली त्या आठवड्यात मी आबांच्या तालमीत गेले. गेले म्हणजे दारापर्यंत. मी एक्कावन्न वर्षांची बाई, मंगळवार पेठेत वाढले, त्या दारावरून हजारदा गेले असेन, आत कधी पाऊल टाकलेलं नाही. तिथं बायका जात नाहीत हे कुणी मला शिकवलं नव्हतं, तरी पाय उंबऱ्यावर आपोआप थांबले. वस्ताद बाहेर आले. मी आबांचं सांगितलं. मग मनात धरलेलं मागणं तोंडातून निघेना. शेवटी बोलले एकदाची: थोडी माती द्याल का?

त्यांनी ‘कशाला’ असं विचारलं नाही, हे मी विसरणार नाही. आत जाऊन स्टीलचा डबा भरून आणला.

घरी परातीत ती माती ओतली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली. तांबडी, मऊ, ओलसर. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काय काय मुरलेलं असतं त्यात. सगळ्या खोलीभर तो वास झाला. आबा बराच वेळ नुसते बघत होते. मग चिमूटभर घेऊन कपाळाला लावली. मूठभर उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “ताक कमी पडलंय.”

आई चार वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून आमच्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. मी हसले, माझा भाचा हसला, आणि आम्ही का हसतोय हे न कळताच आबाही हसले. त्यानंतर वीसेक मिनिटं ते बोलत होते. सलग नाही, तुटक. माती कशी चाळायची, खोरं कसं धरायचं, पहाटे कुणी उठवायचं. मधेच दोन नावं आली, ती मला माहीत नाहीत. दुसऱ्या दिवशी यातलं त्यांना काही आठवत नव्हतं. आठवावं म्हणून मी केलंच नव्हतं. त्या रात्री ते पोटभर जेवले आणि झोपले, मला तेवढं पुष्कळ होतं.

आता जरा लांबचं सांगते, पण त्याला कोल्हापूरचा धागा आहे. १९७० साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत राष्ट्रकुल खेळ झाले आणि तिथं आपल्या मातीत घडलेल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी सुवर्णपदक घेतलं. त्याच स्कॉटलंडमध्ये २००९ साली ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवरचं फुटबॉल संग्रहालय आणि अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था यांनी मिळून एक साधं काम सुरू केलं. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना चार-सहाच्या गटानं बसवायचं. पुढ्यात जुने फोटो, सामन्यांच्या पुस्तिका ठेवायच्या. सोबत फुटबॉलचा इतिहास तोंडपाठ असलेला एखादा हौशी माणूस. आणि गप्पा. आपल्या मंडळाच्या कट्ट्यावर चालतात तशाच. कुठला गोल ऑफसाइड होता यावर भांडणंसुद्धा. हे लोण पुढं ठिकठिकाणच्या क्लबांत आणि वृद्धाश्रमांत पसरलं. इंग्लंडात क्रिकेट, रग्बी घेऊन अशाच बैठका बसतात.

यानं आजार बरा होतो का? नाही. जुन्या आठवणी जागवण्याच्या अशा उपचारांवरचे बावीस अभ्यास २०१८ साली कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. फायदा दिसला तो थोडाच, आणि जागेनुसार, पद्धतीनुसार कमीजास्त. गटात बसून केलं तर बोलण्याचालण्यात जराशी सुधारणा दिसते, असं त्यात आहे. मी हे मुद्दाम लिहिते आहे. कारण उद्या कुणीतरी ‘कुस्तीनं अल्झायमर पळवा’ असा फलक लावेल, आणि तो फलक वाचून कुणाची तरी मुलगी आशेनं धावत येईल. माझं म्हणणं तेवढं मोठं नाही. सहा महिन्यांत आबांना माणसांत बसून हसताना मी जितक्यांदा पाहिलं, तितकं आधीच्या तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, इतकंच.

त्याच ग्लासगोतून दुसरीही बातमी आली, ती आपल्याला गोड लागणार नाही. तिथल्या विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात असं निघालं, की मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये इतरांपेक्षा सुमारे साडेतीन पट आहे. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडनं बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात डोक्यानं चेंडू मारायला बंदी केली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची, शिवाजी आणि प्रॅक्टिसची फुटबॉल मॅच आपण रक्त उसळून बघतो. तालीम मंडळ नावात आणि फुटबॉल पायात, असं गाव दुसरं कुठलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हा पोरांच्या डोक्याचंही बघा. असो. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

मला सांगायचंय ते वेगळंच. स्कॉटलंडमध्ये जे जमवायला संग्रहालय लागलं, ते तुमच्याकडं भिंतीवर टांगलेलं आहे. तालमीच्या उंबऱ्यावर उभी होते तेव्हा मारुतीच्या बाजूच्या भिंतीवर एक फोटो दिसला. अकरा पैलवान, हाताची घडी, छाती फुगवलेली. डावीकडून तिसरे आबा. बावीस-तेवीसचे असतील. माझा भाचा नि तो फोटो शेजारी ठेवले तर कोण कुठला ते ओळखू येऊ नये, इतके सारखे. फोटोखाली साल नाही, एकही नाव नाही. वस्तादांना विचारलं, तर त्यांनी पाच जणांची नावं सांगितली आणि थांबले. उरलेल्या सहांची नावं सांगू शकतील असे आता दोघंच जिवंत. एक अंथरुणावर आहेत. दुसरे आबा, ज्यांना सकाळी माझं नाव आठवत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या रात्री अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं. माणसं ओक्साबोक्शी रडत होती, मीही त्यांत होते. शेजारी खासबाग. ज्याचं काम शाहू महाराजांनी १९१२ ला पुरं केलं, ते मैदान. त्या मैदानावर कोण कुणाशी लढलं, कुठल्या डावावर, हे ज्यांच्या डोक्यात आहे ती डोकी आपल्या गल्ल्यांमधून एकेक करून रिकामी होत चालली आहेत. देशभरातल्या पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज निघाला, त्याप्रमाणे भारतात साठीच्या पुढच्या शंभरांत सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख माणसं. तुमच्या तालमीच्या जुन्या रजिस्टरातली साठीपुढची नावं काढा आणि हिशेब घाला. ती माणसं कट्ट्यावर येईनाशी झाली की आपण म्हणतो, ‘हल्ली दिसत नाहीत.’

त्यांना भेटायची आपली एकच रीत आहे, ती म्हणजे सत्कार. दोन वर्षांपूर्वी एका मंडळानं जुन्या पैलवानांचा सत्कार ठेवला, आबांनाही बोलावलं. मी हौसेनं फेटा बांधून घेऊन गेले. मोठा मांडव, मोठे स्पीकर, शंभर माणसं. दोन तास पाहुण्यांची वाट. मग स्टेजवर चढवलं, शाल घातली, नारळ दिला आणि एका गृहस्थानं माइक आबांच्या तोंडापाशी धरून विचारलं, “आबा, मला ओळखलं का?” आबांनी माइककडं पाहिलं. गृहस्थ हसून परत म्हणाले, “अहो सांगा की, कोण मी?” सगळा मांडव उत्तराची वाट बघत होता. आबांचं धोतर ओलं झालं. शाल पुढं ओढून मी त्यांना खाली उतरवलं. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, म्हणूनच नाव घेत नाही. पण त्यानंतर आठ महिने आबा घराबाहेर पडले नाहीत.

उलटी तऱ्हाही बघितली. दिवसभर सांभाळतात अशा एका ठिकाणी आबांना पाठवून पाहिलं. तिथं त्यांना फुलपाखराच्या चित्रात रंग भरायला दिले. ज्याच्या कानाच्या पाळ्या मातीत चुरगळून गेल्यात त्याच्या हातात गुलाबी खडू! आबांनी तो खाल्ला.

म्हणून तुमच्याकडं मागणं आहे ते सत्काराचं नाही, वर्गणीचंही नाही. महिन्यातून दोन दुपारी, तीन ते साडेचार, तालीम या माणसांसाठी उघडी ठेवा. तेव्हा तसंही तिथं कुणी नसतं, सकाळची मेहनत संपलेली आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते. संध्याकाळ नको, कारण दिवस मावळला की या आजारात माणसं जास्त बावरतात, कावरीबावरी होतात, ‘घरी जायचंय’ म्हणतात, घरात असली तरी. चार-पाच जणांच्या वर नको. स्पीकर नको. हलगी तर मुळीच नको, निदान आत वाजवायची नको. आमच्या भाच्यानं हौसेनं मोबाइलवर मोठ्यानं लावली होती, आबा दचकून पलंगाखाली बघायला लागले. तीच हलगी बारीक आवाजात, शेजारच्या गल्लीतून आल्यासारखी लावली, तर बोटं ताल धरतात.

बोलायचं कसं, ते मी चुकत चुकत शिकले. ‘आठवतंय का?’ आणि ‘ओळखलं का?’ ही दोन वाक्यं उंबऱ्याबाहेर ठेवा. ती परीक्षा आहे आणि त्यात तो माणूस रोज नापास होतो. प्रश्न विचारण्यापेक्षा आपण काहीतरी बोलून टाकावं, जमलं तर थोडं चुकीचं. त्या फोटोची प्रत काढून घरी आणली तेव्हा मी आबांना ‘हा कोण’ असं विचारलं नाही. म्हटलं, “हा उजवीकडचा तुमच्यापेक्षा तगडा दिसतोय.” आबा लगेच म्हणाले, “वजनाला व्हता. दम नव्हता त्याला.” नाव नाही आलं. पण त्या माणसाचा निकाल लागला! घुटन्याला मोळी म्हणा, पट काढण्याला टांग म्हणा. पैलवान सगळं सहन करेल, डावाचं चुकीचं नाव नाही.

बदाम आणि खसखस कुंडीत घालून सोटा हातात द्या. आबांनी परवा पाऊण तास घोटलं, घाम येईस्तोवर. त्यातली थंडाई मात्र त्यांना जपून, घोटाघोटानं द्यावी लागते, कारण गिळताना ठसका लागतो. तेवढं घरच्यांना विचारून घ्या. आणि कितीही मोह झाला तरी त्यांना मातीच्या हौद्यात एकटं उतरवू नका. पाय वळायला एक क्षण पुरतो आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस बऱ्याचदा परत उठत नाही. काठावर खुर्ची ठेवा, पाय मातीत सोडू द्या. तेवढं पुरतं.

एक अवघड गोष्ट आहे, तीही सांगते. सगळ्याच आठवणी गोड नसतात. आबा कधी कधी त्यांच्या तालमीतल्या जोडीदाराला हाक मारतात, जो तिशीतच अपघातात गेला. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, ‘आबा, ते वारले की.’ आबांनी ती बातमी तेव्हाच ऐकली, पहिल्यांदाच, आणि दिवसभर जेवले नाहीत. आता मी म्हणते, “ते काय डाव टाकायचे हो?” आणि आबा कलाजंगाबद्दल बोलायला लागतात. हे खोटं आहे का, याचा मी पुष्कळ विचार केला. तुमचा तुम्ही करा.

आबांच्या तालमीच्या वस्तादांनी पुढं एक पोरगा आमच्याकडं पाठवायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला, तालमीतच राहतो. पहिल्या रविवारी बिचारा दारात अवघडून उभा राहिला. मग वाकून पाया पडला, तसं आबांनी त्याचं मनगट धरलं. माझ्या पोटात गोळा आला. पण ते माप घेत होते. मनगट, दंड, मग मानेवर थाप. म्हणाले, “मान कच्ची हाय.” पोरगा गंभीरपणे ‘हो आबा’ म्हणाला. पुढच्या रविवारी आबांनी त्याला पुन्हा पहिल्यांदाच पाहिलं, पुन्हा मनगट, दंड, मान, पुन्हा ‘कच्ची हाय’. असं सात-आठ रविवार चाललं. मी त्याला म्हटलं, “बाळा, कंटाळलास तर नको येऊ.” तो म्हणाला, “काकी, वस्ताद पण हेच म्हणतेत. मान खरंच कच्ची हाय माझी.” आता तो मानेची मेहनत वेगळी करतो. परवा कुठल्याशा मैदानात त्यानं कुस्ती मारली, तो फेटा बांधूनच आमच्याकडं आला. आबांनी फेट्याला हात लावला आणि विचारलं, “कशावर मारलीस?” पोरानं सांगितलं, घिस्स्यावर. आबा म्हणाले, “बरं केलंस.” एवढंच संभाषण. पण त्यात दोघांनाही कुणाची कीव नव्हती. मी त्यांच्याशी दिवसभर बोलते, तसं मला जमत नाही. माझ्या आवाजात नर्स येते.

शेवटचं, आणि हे बोलायला मला जड जातंय. या माणसांना तुमच्यापर्यंत आणणाऱ्या बहुतेक बायका असतील. बायको, मुलगी, सून. त्या उंबऱ्यावर थांबतील, जशी मी थांबले. आता मुली कुस्ती खेळतात, कोल्हापुरात खेळतात, त्यामुळं मातीला काही होत नाही हे तुम्हांला ठाऊक आहे. तरी ‘या, आत या’ असं कुणीतरी म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलणार नाही. आबांना खुर्चीवर बसवून मी बाहेर रस्त्यावर दीड तास उभी राहू शकते, मला त्याचं काही नाही. पण त्यांना लघवीला न्यायचं झालं तर कोण नेणार, तेवढं ठरवा.

मी आबांच्या तालमीच्या वस्तादांशी बोलले आहे. येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता आम्ही येतोय. फोटोतले ते दुसरे, अंथरुणावरचे, त्यांच्या सुनेलाही मी भेटले. तीही त्यांना रिक्षात घालून आणेन म्हणाली. बाकीच्या तालमींतल्या कुणाला बघायला यायचं असेल तर दोघा-तिघांनी या, गर्दी करू नका.

एक अडचण आहे. दार ठेंगणं आहे, त्याचं काही नाही, आबा दारात वाकतात, ती सवय मोडलेली नाही. पण उंबरा उंच आहे आणि दुसऱ्या आजोबांना चाकाच्या खुर्चीशिवाय जमत नाही. फळी मी घेऊन येते. धरायला दोन पोरं तेवढी दारात उभी करा. आणि मातीत ताक या वेळी जरा जास्त घाला.

आपली,
डावीकडून तिसऱ्याची मुलगी
मंगळवार पेठ, कोल्हापूर